खांद्यात शिवलेली झोप

मास्तरांना जावयाचा एवढा उमाळा कधीपासून यायला लागला, हे घरात कोणालाच कळेना. पूर्वी जावई कामावरून आला की मास्तर पेपर उघडून त्याच्या आड तोंड लपवायचे. आता बेल वाजायचा अवकाश, म्हातारा दारात हजर.

"या, या, जावईबापू! दमलात ना? द्या तो कोट इकडे, मी टांगतो."

जावई हवामान खात्यातला. उद्या पाऊस पडेल की नाही हे सांगताना जितका चाचरायचा, तितकाच सासऱ्यासमोर चाचरायचा. तो मुकाट्याने कोट काढून द्यायचा. मास्तर तो तपकिरी कोट दोन्ही हातांवर तान्ह्या बाळासारखा घ्यायचे, आतल्या खोलीत न्यायचे आणि दार लोटून घ्यायचे.

"बाबा किती बदललेत गं," जावई बायकोला म्हणायचा, आणि त्याचे डोळे भरून यायचे.

बदललेत कसले, डोंबल! जावयाच्या कोटाच्या खांद्यात मास्तरांच्या झोपेच्या गोळ्या शिवलेल्या होत्या. बिचारा सासऱ्याची झोप खांद्यावर घेऊन रोज हवामानाचे अंदाज वर्तवत होता आणि त्याला पत्ता नव्हता.

आता हे असं का, तर ऐका. मास्तर म्हणजे कोट शिवणारे शिंपी. उभा जन्म त्यांनी लोकांच्या पाठी सरळ केल्या. पोक काढलेला माणूस त्यांच्या दुकानात शिरायचा आणि कोट घालून ताठ बाहेर पडायचा. बायको गेली, पाठोपाठ दुकान बंद केलं, लेकीकडे राहायला आले आणि झोप उडाली. डॉक्टरांनी थोड्या दिवसांपुरती म्हणून रात्रीची एक गोळी दिली. ते थोडे दिवस काही संपेनात. रात्रीची एक होती, तिला दुपारची जोड मिळाली. मग शेजाऱ्याने भिंतीत ड्रिल चालवलं की एक, आणि नाही चालवलं तर त्या शांततेने जीव घाबरतो म्हणून एक. एक डॉक्टर गावाच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला, दोघांना एकमेकांचा गंध नाही. शिवाय बागेतल्या बाकावरचा एक दोस्त स्वतःच्या गोळ्या आणून द्यायचा, मास्तर बदल्यात त्याच्या विजारी ढिल्या करून द्यायचे. म्हाताऱ्या माणसावर संशय कोण घेणार? जो तो म्हणायचा, वय झालं, डुलक्या लागायच्याच.

व्यसन हा शब्द मास्तरांना अजिबात खपायचा नाही. "व्यसन दारूचं असतं. पत्त्यांचं असतं. हा आधार आहे, आधार," ते ठणकावून सांगायचे, आणि सांगता सांगता सूपच्या वाडग्यात नाक जायचं.

मग एक दिवस न्हाणीघरात पडले. हाड वाचलं, पण बिंग फुटलं. लेक हायस्कूलची हेडबाई. पोरांच्या मोज्यातून चिठ्ठ्या काढण्यात जिची हयात गेली, तिच्यापुढे बापाचं काय चालणार? तिने दोन्ही डॉक्टरांना गाठलं, बागेतल्या दोस्ताची वर्गाबाहेर उभं केल्यासारखी कानउघाडणी केली आणि जाहीर केलं, "रविवारी तुमची खोली झाडून काढणार आहे."

हेडबाईंनी ही सूचना आगाऊ दिली, तिथेच त्या चुकल्या. मास्तर कामाला लागले. नुसती पाकिटं लपवली तर चुरचुर वाजतात, म्हणून त्यांनी एकेक गोळी सोडवली, प्रत्येकीला कापडाचा चिमुकला कप्पा शिवला, आणि ते कप्पे पडद्याच्या दुमडीत, जावयाच्या कोटातल्या खांद्याच्या पॅडमध्ये आणि खुद्द लेकीच्या पर्सच्या अस्तरात असे काही बसवले की हात फिरवला तरी लागू नयेत. रविवारी लेकीने गादी उलटी केली, बूट झटकले, बरण्या रित्या केल्या. काही मिळालं नाही. ती दमून खुर्चीत बसली, पर्स मांडीवर घेतली आणि कपाळावरचा घाम पुसू लागली. मास्तरांना हसू दाबता दाबता ठसका लागला.

आता नवीन डॉक्टर आले. ते म्हणाले, एवढ्या वर्षांची गोळी एकदम तोडायची नाही, जिवावर बेतेल. हळूहळू कमी करत न्यायची. गोळ्या लेकीच्या कुलपात गेल्या. रोज रात्री ती ठरलेला तुकडा बापाच्या तळहातावर ठेवायची आणि म्हणायची, "आ करा. जीभ वर." लेकीला मात्र हेही पुरेसं वाटेना. तिला बापाला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचं होतं.

तिथे नात मध्ये पडली.

नात नुकतीच वकील झाली होती. मास्तर तिला लाडाने वकीलसाहेब म्हणायचे. कोर्टात पहिल्यांदा उभं राहायचं तर काळा कोट हवा, आणि तयार कोट आणायला ती साफ नाही म्हणाली होती. "माझा कोट आजोबा शिवणार," तिने आईला सांगितलं. "हातात काम आलं की ते आपोआप सुटतील यातून. मी जामीन राहते. त्यांनी चोरून एक जरी गोळी खाल्ली, तर तू म्हणशील तिथे मी स्वतः त्यांना नेऊन पोचवीन आणि परत कधी मध्ये बोलणार नाही."

"शब्द?" हेडबाईंनी विचारलं.

"शब्द," नात म्हणाली, आणि आजोबांकडे वळली. "आजोबा, माझी पहिलीच केस तुमची आहे. हरवू नका हं मला."

मास्तरांनी छातीवर हात ठेवून मान हलवली. त्या क्षणी त्यांनी ती अगदी मनापासून हलवली, हे सांगितलं पाहिजे. नातीवर त्यांचा जीव होता. पण छातीवरचा हात खाली येईपर्यंत त्यांना आठवण झाली की जावई यायची वेळ झाली आहे.

कोटाचं कापड आलं. काळंभोर, जड, सुरकुती न धरणारं. मास्तरांनी नातीची मापं घेतली, खडूच्या रेघा मारल्या, कात्री चालवली. सकाळी हात झकास चालायचा. दुपारी थरथरायला लागला की पडद्याकडे जायचे. लेकीने दिलेला रात्रीचा तुकडा वेगळा आणि हा खाऊ वेगळा. पडदा दिवसेंदिवस हलका होत चालला आणि वाऱ्यावर उडायला लागला, हे जावयाच्या ध्यानात आलं. पण तो हवामान खात्यातला, त्याने त्याचा संबंध वाऱ्याशी लावला.

पडद्यातला साठा संपला. पर्स लेकीच्या काखेतून हलेना. उरला जावयाचा कोट. आणि एके दिवशी दुपारी लेकीचा शाळेतून फोन आला, "बाबा, यांचा कोट तेवढा खुंटीवरून काढून ठेवा, धुलाईवाला न्यायला येतोय. आज हे सदऱ्यावरच गेलेत."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. धुलाईच्या यंत्रात कोट गेला की सगळ्या झोपेचा चिखल होणार! त्यांनी घाईघाईने खांदे उसवले, कप्पे बाहेर काढले, खांदे पुन्हा शिवून टाकले. एवढ्या धावपळीने छाती धडधडायला लागली, म्हणून एक गोळी घेतली. ती लागू पडायला वेळ लागतोय असं वाटलं, म्हणून आणखी एक. त्यानंतर धुलाईवाला आला की नाही, लेक कधी परतली, जेवायला काय होतं, कशाचा म्हणून पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी पाहतात तो नातीचा कोट तयार होऊन लाकडी पुतळ्यावर चढलेला. अरे वा, मास्तर स्वतःवरच खूश झाले. शेवटची शिलाई कधी घातली ते आठवत नव्हतं, पण अशा किरकोळ गोष्टींकडे ते बघत नसत.

नातीने कोट घातला आणि आरशासमोर उभी राहिली. खांदे कसे, नजर ठरू नये! नात आजोबांच्या गळ्यात पडली. "जिंकले मी," ती आईला म्हणाली. लेकीनेही हात टेकले. केंद्राचा विषय त्या दिवसापुरता मिटला. "कोर्टात मात्र कोणी यायचं नाही," नातीने बजावलं. "तुम्ही दिसलात तर मला हसू येईल."

कोर्टाचा दिवस उजाडला. नात गेली, लेक शाळेत गेली, जावई धुतलेला कोट घालून गेला. घर रिकामं झालं आणि मास्तरांच्या अंगात नेहमीची कुरकुर सुरू झाली. तळवे ओले, मान ताठ, जीव उडालेला. आता ते कप्पे काढावेत, पण ठेवलेत कुठे? उशीच्या अभ्र्यात नाहीत, मशीनच्या खणात नाहीत. पडदा चाचपला, तो बिचारा कधीचा रिता. मास्तरांनी सगळी खोली पालथी घातली, अगदी रविवारी लेकीने घातली होती तशी, आणि तेवढ्याच यशाने.

मग मशीनखाली त्यांना पांढऱ्या कापसाचा पुंजका दिसला. तो त्यांनी उचलला, चिमटीत दाबून पाहिला. हा खांद्याच्या पॅडमधला भराव. तो शिंपी उगाच काढत नाही. आत दुसरं काही घालायचं असेल तरच काढतो.

अरे देवा! वकीलसाहेबांच्या खांद्यात!

पुढच्या क्षणी ते चपला शोधत होते. रिक्षात त्यांनी स्वतःला खूप समजावलं. पोरीचा पहिला दिवस. शिलाई सुटली, भर कोर्टात काळ्या कोटातून गोळ्यांचा सडा पडला, तर तिचं नाव काय राहील? तिला वाचवायलाच आपण निघालोय. हे सगळं खरंही होतं. फक्त नातीला वाचवायची इतकी घाई असताना जिभेला पाणी सुटत नाही, आणि मास्तरांच्या सुटत होतं.

कोर्टाच्या दारातलं यंत्र किंचाळलं. शिपायाने मास्तरांच्या खिशातून कात्री काढली.

"काय आजोबा, कोणाला कापायचा बेत आहे?"

"अरे, मी शिंपी आहे. हा माझा हात आहे, हात!"

"मग हात इथेच राहू दे. जाताना न्या," शिपाई म्हणाला आणि त्याने कात्री टेबलावर ठेवली. सुईदोरा मात्र सोडला.

वरच्या मजल्यावर, कोर्टखोलीच्या बाहेरच्या बाकाशी नात उभी होती. छातीशी कागद, ओठ हलतायत, पाठांतर चाललेलं. आजोबांना बघितलं मात्र, तिचा चेहरा असा उजळला की मास्तरांना क्षणभर परत फिरावंसं वाटलं. वाटलं तर फिरायला हवं होतं. नाही फिरले.

"आलातच ना!" ती म्हणाली, आणि शेजारच्या वकिलांना ओढून सांगू लागली, "हे माझे आजोबा. कोट विचारत होतात ना कोणी शिवला? यांनीच."

"हो, हो," मास्तर घाम पुसत म्हणाले. "जरा इकडे वळ बघू. डावा खांदा किंचित बसलाय."

"छान आहे की."

"तुला काय कळतं? कात्री दारावर ठेवून घेतलीय त्यांनी, पण चालेल. बस इथे."

ती बाकावर बसली. मास्तर मागे उभे राहिले. नखाने शिवण चाचपली. हो, आहेत. तीन बोटांखाली तीन टणक ठिपके. कात्री दारात राहिली होती, म्हणून मास्तरांनी उभं आयुष्य दोरा तोडला होता तसा दातांनी पकडला आणि ओढला. एकच टाका सोडवायचा होता. पण तो खांदा मास्तरांनी शिवलाच नव्हता. दोन गोळ्या पोटात असलेल्या कोणा दुसऱ्याच म्हाताऱ्याने तो कच्च्या दोऱ्याने कसातरी टाचला होता. एक टाका निघाला आणि त्यामागे सगळे निघाले. टर्रर्र करत बाही खांद्यापासून थेट काखेपर्यंत सुटली आणि कापसासकट कप्पेही फाटून बाहेर पडले. फरशीवर गोळ्या टपटपल्या, घरंगळल्या, वकिलांच्या बुटांपाशी जाऊन थांबल्या.

मास्तर गुडघ्यांवर बसले.

आणि वेचायला लागले. एक बाकाखाली, एक भिंतीशी, एक कोणाच्या तरी पायाशी. "पाय, पाय उचला जरा," ते म्हणत होते. एक तोंडातही गेली. मूठ भरली तेव्हा कुठे त्यांनी वर पाहिलं. नात तिथेच उभी होती, एक बाही लोंबत असलेली. ती रडत नव्हती, रागावलीही नव्हती. ती नुसती बघत होती. कोट फाटला होता, नातीचा पहिला कोट, आणि मास्तरांनी आधी गोळ्या वेचल्या होत्या. हे त्यांना तिच्या चेहऱ्यावर वाचता आलं, आणि आयुष्यात प्रथमच त्यांना स्वतःची लाज वाटली. इतकी, की तोंडातली गोळी त्यांनी रुमालात थुंकली.

आतून नातीच्या अशिलाचा पुकारा झाला. तिने बाही हाताने खांद्याशी धरली, कागद दुसऱ्या हातात घेतले आणि आत गेली. मास्तर भिंत धरत उठले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.

काम साधंच होतं. दोन शेजाऱ्यांचा भिंतीवरून वाद, आणि नातीला पुढची तारीख मागायची होती. ती बोलायला उभी राहिली. कागद उलटायला हात सोडावा लागला आणि बाही घसरली. खोलीत खसखस पिकली. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"वकीलबाई, हा कोट…?"

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. आता पोरगी काहीतरी थाप मारेल, त्यांना वाटलं. दारात अडकला म्हणेल. त्यांनी मनातल्या मनात तिला दोन-तीन बऱ्या थापा सुचवल्यासुद्धा.

"माफ करा, मॅडम," नात म्हणाली. "ज्यांनी हा शिवला ते आजारी आहेत. पण दुरुस्त तेच करून देतील."

"पुढे बोला," न्यायाधीशबाई म्हणाल्या, आणि ती बोलली. मुद्देसूद बोलली, एकदाही अडखळली नाही. तारीख मिळाली. मास्तरांना त्यातलं काही ऐकू गेलं नाही. सवय म्हणाले होते, आधार म्हणाले होते, वय म्हणाले होते. आजारी हा शब्द त्यांनी स्वतःला कधी लावून पाहिला नव्हता. पोरीने तो भर कोर्टात लावला, आणि वर भरवसाही ठेवला.

बाहेर आल्यावर ती बाकावर बसली आणि उसवलेला खांदा त्यांच्याकडे केला. मास्तरांनी रुमाल आणि मूठभर गोळ्या तिच्या मांडीवर ठेवल्या. खिशातून सुई काढली. दोरा ओवायला गेले. दोरा नेढ्यात जाईना. पुन्हा गेले. हात असा कापत होता की सुई एकीकडे, दोरा दुसरीकडे.

"ओवून दे," ते शेवटी म्हणाले. हे वाक्य त्यांनी कधी कोणाला ऐकवलं नव्हतं. नातीने ओवून दिला.

"केवढा लांब घेतलास! तो काय पतंगाला बांधायचाय?" मास्तर खेकसले, आणि टाके घालू लागले. हळू, वाकडे, पण पक्के.

"आणखी कुठे कुठे आहेत?" तिने समोर बघत विचारलं.

"घरी नाहीत."

"आजोबा."

"तुझ्या आईच्या पर्समध्ये आहेत. अस्तरात."

नातीच्या तोंडातून काहीतरी निसटलं, ते हसू होतं की हुंदका ते त्यांना मागून दिसलं नाही. "आईला मी शब्द दिलाय," ती म्हणाली. "केंद्रात तुम्हाला मलाच न्यावं लागेल."

"ने. पण तिथल्या डॉक्टरला सांग, एकदम तोडू नका म्हणावं."

"सांगते. मी रोज येईन भेटायला."

"ते बघू. हलू नकोस, टाका तिरका जातोय."

बाही बसली. मास्तरांनी दोरा गाठ मारून बंद केला, कापड दोन्ही बाजूंनी सारखं करावं म्हणून हात दुसऱ्या खांद्यावर ठेवला, आणि ते थबकले. उजव्या पॅडखाली तसेच टणक ठिपके होते. चांगले रांगेने. त्या दुपारी त्यांनी दोन्ही खांदे भरले होते तर! कोणाला कळलं नव्हतं. कळणारही नव्हतं. कोट घरी खुंटीवर लागेल, केंद्रात जायला अजून चार दिवस तरी लागतील, आणि रात्री एक टाका… मास्तरांच्या जिभेला पाणी सुटलं. हात तिथेच राहिला. नात उठायला लागली.

"बस खाली," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "उजव्यातही आहेत."

ती वळली. मग तिने कोट काढला, त्यांच्या मांडीवर ठेवला आणि जिन्याकडे निघाली.

"कुठे चाललीस?" मास्तर घाबरून म्हणाले.

"दारावर तुमची कात्री ठेवून घेतलीय म्हणे. घेऊन येते," नात म्हणाली. "आता दातांनी नको."